पाण्याच्या प्रतिमेत चरबी पांढरी का दिसली? एमआरआयमधली डिक्सन पद्धत

कोजागरी:

नमस्कार. मी एमआरआय टेक्निशियन आहे. गेल्या आठवड्यात घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. इथे भौतिकशास्त्रातले लोकही आहेत आणि रोज प्रतिमा वाचणारेही, तेव्हा नीट उलगडा होईल असं वाटतं.

दोन्ही मांड्यांचा स्कॅन होता, ३ टेस्लाच्या मशीनवर. स्नायूंच्या आजाराची शंका होती आणि स्नायूंत चरबी किती शिरली आहे ते बघायचं होतं. म्हणून दोन इकोंचा डिक्सन लावला, म्हणजे परत येणारा सिग्नल (इको) दोन वेगळ्या वेळी टिपून पाणी आणि चरबी यांची वेगळी चित्रं काढायची पद्धत. त्यातून चार सिरीज मिळतात: इन-फेज, आउट-फेज, पाणी आणि चरबी. पाण्याची सिरीज उघडली. उजवी मांडी जशी हवी तशी: स्नायू उजळ, कातडीखालची चरबी काळी, हाडातली मज्जा काळी. डावी मांडी बरोबर उलटी. स्नायू काळे, भोवती चरबीचं पांढरं कडं, मधोमध हाडाच्या नळीत पांढरा ठिपका. चरबीची सिरीज उघडली तर तिथे डाव्या मांडीचे स्नायू उजळ बसलेले. दोन्ही बाजूंचं एकेक चित्र व्यवस्थित होतं, फक्त डावीकडच्या दोन चित्रांनी जागा बदलल्या होत्या.

वरिष्ठ म्हणाले, "मशीनने घोळ घातला, परत घे." परत घेतला, बरोबर आला. पण घोळ घातला म्हणजे मशीनने नेमकं काय केलं? अख्खी मांडी उलटली म्हणून मला दिसलं तरी. नाण्याएवढा तुकडा उलटला असता तर? तिथे स्नायूत चरबी शिरली आहे असंच कोणीही वाचलं असतं. हा विचार आला की अस्वस्थ व्हायला होतं.

बकुळ:

वाचते आहे. मी या विषयाची विद्यार्थिनी आहे. आम्हाला डिक्सन 'दोन चित्रांची बेरीज-वजाबाकी' म्हणून एका ओळीत शिकवला आणि पुढे गेले. त्यामुळे उत्तराची मीही वाट बघते आहे.

ध्रुवतारा:

कोजागरीताई, प्रश्न फार मोलाचा आहे. त्या एका ओळीतच सगळी गोम आहे, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन ज्या वारंवारतेने फिरतो ती क्षेत्राच्या प्रमाणात असते, दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. तुमच्या ३ टेस्लाच्या मशीनवर साधारण १२८ मेगाहर्ट्झ. पण प्रोटॉनला जाणवणारं क्षेत्र मशीनच्या क्षेत्राइतकंच नसतं. भोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला थोडं झाकतात. पाण्यात हायड्रोजनशेजारी ऑक्सिजन असतो आणि तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून झाकण पातळ. चरबीच्या लांब साखळीत हायड्रोजन कार्बनला चिकटलेला असतो, तिथे झाकण जाड. म्हणून चरबीचा प्रोटॉन पाण्यापेक्षा किंचित हळू फिरतो. फरक दहा लाखांत साडेतीन भागांच्या आसपास. १.५ टेस्लावर तो सुमारे २२० हर्ट्झ भरतो, ३ टेस्लावर त्याच्या दुप्पट, ४४०च्या आसपास.

घड्याळाचे दोन काटे डोळ्यांसमोर आणा. दोघे बाराला एकत्र निघाले, एक जरा मंद आहे. काही वेळाने ते बरोबर समोरासमोर येतात, आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा एकावर एक. ३ टेस्लावर समोरासमोर येण्याची वेळ सुमारे १.१५ मिलिसेकंद आणि पुन्हा जुळण्याची २.३. १.५ टेस्लावर याच वेळा २.३ आणि ४.६. जुळलेले असताना इको घेतला तर पाणी आणि चरबी यांची बेरीज मिळते, ती इन-फेज. समोरासमोर असताना घेतला तर वजाबाकी, ती आउट-फेज. आता या दोन प्रतिमांची बेरीज करा: चरबी कटते, पाणी दुप्पट उरतं. वजाबाकी करा: पाणी कटतं, चरबी उरते. थॉमस डिक्सन यांनी १९८४ साली हे मांडलं. त्यांनी स्पिन इको पद्धतीतली १८० अंशांची पल्स (सिग्नल उलटवणारा रेडिओ लहरींचा झटका) किंचित सरकवली आणि दुसरी प्रतिमा उलट्या फेजमध्ये मिळवली.

इथवर सोपं आहे. अडचण अशी की हे सगळं चुंबकीय क्षेत्र एकसारखं आहे असं धरून चाललं आहे, आणि ते तसं कधीच नसतं. मशीन रिकामं असताना क्षेत्र कितीही नीट बसवलेलं असो, माणूस आत गेला की बिघडतं. ऊती आणि हवा यांच्या चुंबकीय गुणात दहा लाखांत नऊ भागांच्या आसपास फरक आहे, त्यामुळे जिथे शरीर संपून हवा सुरू होते तिथे क्षेत्र वाकतं. तुमच्या मशीनवर दहा लाखांत एक भाग हलला की पाण्याची वारंवारता १२८ हर्ट्झने सरकते. साडेतीन भाग हलला तर पाणी चरबीच्या जागी जाऊन उभं राहतं.

आता एकच पिक्सेल घ्या. त्यातून येणारा सिग्नल ४४० हर्ट्झने मागे पडलेला आहे. तो नीट क्षेत्रातली चरबी आहे, की बिघडलेल्या क्षेत्रातलं पाणी? चरबीचं एकच शिखर धरलं तर या दोन्हींत काहीही फरक नाही. किती इको घ्या, किती वेळा मोजा, त्या पिक्सेलच्या आकड्यांत उत्तर नाहीच.

मग सॉफ्टवेअर शेजाऱ्याला विचारतं. क्षेत्र अचानक उडी मारत नाही, हळूहळू बदलतं, एवढंच त्याच्या हाती असतं. एका जागी ते ठरवतं की हे पाणी, आणि तिथून एकेक पिक्सेल पुढे सरकत क्षेत्राचा नकाशा रंगवत जातं. प्रत्येक पाऊल आधीच्यावर टेकलेलं. वाटेत सिग्नल नसलेली पट्टी आली की साखळी तुटते. तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये काय होतं? हवा. पलीकडच्या काठावर सॉफ्टवेअरला नव्याने अंदाज करावा लागला, तो चुकला, आणि चूक इमाने इतबारे अख्ख्या मांडीभर पसरली. म्हणून डावीकडचं चित्र आतून सुसंगत होतं. याला फॅट-वॉटर स्वॅप म्हणतात आणि पायांच्या स्कॅनमध्ये तो याच कारणाने दिसतो. यकृताच्या घुमटाखाली, फुप्फुसाला लागून, तोच प्रकार होतो.

मला एक विचारायचं आहे. दुसऱ्या वेळी बरोबर आलं म्हणता, तर दोन स्कॅनमध्ये काय बदललं होतं?

कोजागरी:

बदललं काहीच नाही असं वाटतं. पण खात्रीने सांगत नाही, उद्या ड्यूटीवर गेले की दोन्हींचे पॅरामीटर उघडून बघते.

'त्या पिक्सेलच्या आकड्यांत उत्तर नाहीच' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी इतकी वर्षं समजत होते की मशीन पाणी 'ओळखतं'.

बकुळ:

ध्रुवतारादादा, खूप आभार. मग एक शंका. एवढा व्याप कशाला? फॅट सॅट आहे की. चरबीच्या वारंवारतेची पल्स मारायची, चरबी गप्प करायची, मग चित्र घ्यायचं. आणि स्टर तर आहेच.

सांजवारा:

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज या प्रतिमा वाचतो. बकुळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी अनुभवातून देतो.

एकदा पायाच्या स्कॅनमध्ये टाचेच्या हाडाची बाहेरची बाजू फॅट सॅटवर लख्ख पांढरी दिसत होती. मज्जेत सूज आहे असंच वाटावं. रुग्ण दुखणं सांगत होता ते आतल्या बाजूला. मी नजर जरा वर नेली तर त्याच बाजूच्या कातडीखालची चरबीही पांढरी होती. ती सूज नव्हती, ती न दबलेली चरबी होती. पाय मशीनच्या केंद्रापासून लांब, आकार वेडावाकडा, क्षेत्र तिथे सरकलेलं, आणि पल्स आपल्या ठरलेल्या वारंवारतेवर गेली. डिक्सन घेतला तेव्हा पाण्याच्या प्रतिमेत ते हाड शांत होतं. याच्या उलटही होतं: क्षेत्र दुसरीकडे सरकलं तर पल्स पाण्यालाच दाबते आणि खरी सूज पुसली जाते. हे मला जास्त भयंकर वाटतं, कारण जे दिसतच नाही त्याच्यावर शंका कोण घेणार? मानेचं मूळ, खांद्याची कड, घोटा, बोटं, या सगळ्या जागा फॅट सॅटच्या वैरी.

स्टरचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. बिडर आणि यंग यांनी १९८५ साली ते मांडलं. सगळा सिग्नल आधी १८० अंशांनी उलटवायचा आणि चरबी परत वर येताना शून्यावर पोचली की नेमकं त्या क्षणी चित्र घ्यायचं. तो क्षण म्हणजे चरबीच्या टी१च्या (सिग्नल मूळ स्थितीत किती वेळात परततो त्याचं माप) ०.६९ पट, १.५ टेस्लावर साधारण १६० ते १८० मिलिसेकंद. वारंवारतेचा संबंध नाही, म्हणून क्षेत्र वाकडं असलं तरी चालतं, आणि शरीरात धातू असेल तर मी अजूनही स्टरच मागतो. पण स्टर चरबी दाबत नाही, चरबीइतका टी१ असलेलं जे काही असेल ते दाबतं. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर गाठीचा टी१ खाली येतो, चरबीच्या जवळ जातो, आणि ज्या गाठीसाठी औषध टोचलं तीच काळी होऊ शकते. म्हणून कॉन्ट्रास्टनंतर स्टर घ्यायचं नाही. शिवाय सगळाच सिग्नल उलटवलेला असल्यामुळे पाण्याचाही बराच भाग हातचा जातो, चित्र दाणेदार येतं.

माझ्यासाठी खरा मुद्दा याहून पुढचा आहे. फॅट सॅट आणि स्टर चरबी घालवतात. डिक्सन ती बाजूला काढून जपून ठेवतो. चरबी हीच माहिती असते तेव्हा ती फेकून देऊन कसं चालेल? यकृत, अॅड्रिनल ग्रंथी, स्नायू, पाठीच्या मणक्यातली मज्जा, या सगळ्यांत 'किती चरबी' हाच प्रश्न असतो.

बकुळ:

+१. फेकून देणं आणि बाजूला काढणं यातला फरक आता कळला. मग आउट-फेजमध्ये चरबी वजा होते, तर कातडीखालची चरबी तिथे काळी का दिसत नाही? मी कालच पाहिली, ती पांढरीच होती.

सांजवारा:

हा प्रश्न सुटला की अर्धा विषय सुटला. वजाबाकी पिक्सेलच्या आत होते. कातडीखालच्या पिक्सेलमध्ये जवळजवळ नुसती चरबी आहे, तिच्यातून वजा करायला पाणीच नाही. म्हणून ती पांढरी राहते. आउट-फेज ही फॅट सॅट नव्हे, हे घोकून ठेव. ती काळी पडते तिथे पाणी आणि चरबी एकाच पिक्सेलमध्ये नांदत असतात. निम्मं-निम्मं असेल तर पूर्ण काळी.

याचे दोन परिणाम रोज दिसतात. एक, आउट-फेजमध्ये प्रत्येक अवयवाभोवती शाईने रेघ काढावी तशी काळी कड येते, कारण सीमेवरच्या पिक्सेलमध्ये अर्धा अवयव, अर्धी चरबी. ही कड चारही बाजूंनी असते. चरबी फ्रीक्वेन्सीच्या दिशेने (चित्रात ज्या दिशेतली जागा वारंवारतेवरून ठरते तिकडे) सरकल्यामुळे जी कड येते ती फक्त त्या एका दिशेत, एका बाजूला काळी आणि समोरच्या बाजूला पांढरी. दोन्हींत गल्लत करू नये.

दुसरा परिणाम निदानाचा. अॅड्रिनल ग्रंथीतला साधा अॅडिनोमा (कर्करोग नसलेली गाठ) पेशींच्या आत चरबीचे थेंब बाळगतो, म्हणून आउट-फेजमध्ये तो काळवंडतो. इन-फेजच्या तुलनेत १६.५ टक्क्यांहून जास्त सिग्नल पडला तर अॅडिनोमाच्या बाजूने कौल, हा रूढ आकडा. मूत्रपिंडातल्या अँजिओमायोलिपोमात (चरबी असलेल्या साध्या गाठीत) मात्र चरबी ढेकळासारखी असते, तिच्या आत सिग्नल पडतोच असं नाही, तिच्या कडेला ती शाईची रेघ शोधावी लागते. आणि मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात पेशींच्या आतली चरबी असू शकते, तो आउट-फेजमध्ये पडतो. नुसता 'सिग्नल पडला, चरबी आहे, म्हणजे साधी गाठ' असा हिशोब कोणी केला तर रुग्णाचं नुकसान होईल.

गणितवेडा:

सांजवारा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी प्रतिमा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून आकड्यांच्या अंगाने थोडी भर.

समजा एका पिक्सेलमध्ये इन-फेज १०० आणि आउट-फेज ६० आला. बेरीज १६०, निम्मे ८०. वजाबाकी ४०, निम्मे २०. म्हणजे पाणी ८० आणि चरबी २०, चरबीचं प्रमाण २० टक्के. पण पाणी २० आणि चरबी ८० असती तरी हेच दोन आकडे आले असते, कारण आपण वजाबाकीचं चिन्ह टाकून दिलं. नुसत्या तीव्रतेवर चाललो तर ५० टक्क्यांच्या पलीकडचं काही कळत नाही. ७० टक्के चरबीची मज्जा ३० टक्के म्हणून वाचली जाईल. चिन्ह फेजमध्ये लपलेलं असतं, आणि फेजमध्ये क्षेत्राची गडबड मिसळलेली असते. कोजागरीताईंची मांडी उलटली ती याच चिन्हापायी.

१९९१ मध्ये ग्लोव्हर आणि श्नायडर यांनी तिसरा इको आणला. तीन मोजमापं, तीन अज्ञात: पाणी, चरबी, क्षेत्र. पुढे २००५च्या सुमारास स्कॉट रीडर आणि सहकाऱ्यांनी आयडियल ही पद्धत आणली. त्यात इको बरोबर जुळलेल्या किंवा समोरासमोरच्या क्षणी घ्यायची सक्ती सुटली, क्षेत्राचा अंदाज घेत-घेत आकडे बसवत जायचं. उलट सोयीच्या जुळलेल्या वेळा टाळलेल्याच बऱ्या, कारण तशा वेळी पाणी-चरबी सम प्रमाणात असलेल्या पिक्सेलमध्ये अंदाज डळमळतो. तीन इकोंपैकी मधला पाणी-चरबी काटकोनात असताना आणि शेजारचे दोघे त्याच्यापासून १२० अंशांवर, ही मांडणी सगळ्यांत स्थिर निघाली. आणि वेळ वाया जातो म्हणावं तर तसंही नाही. प्रत्येक इकोचा सिग्नल शेवटी पाणी-चरबीच्या चित्रात सरासरी म्हणून जमा होतोच.

पण तिसऱ्या इकोने मूळ दुविधा मिटत नाही, ध्रुवतारा म्हणाले तेच खरं. ती थोडीफार मिटते ती चरबीच्या स्वभावामुळे. चरबीला एकच वारंवारता नाही. तिच्या वर्णपटात निदान सहा शिखरं आहेत. मोठं शिखर १.३ पीपीएमला (पीपीएम म्हणजे दहा लाखांतला एक भाग), एकूण सिग्नलचा साधारण ७० टक्के भाग तिथे. बाकीची इकडेतिकडे. त्यातलं एक, साखळीतल्या दुहेरी बंधापाशी बसलेल्या हायड्रोजनचं, ५.३ पीपीएमला असतं. पाणी ४.७ला. म्हणजे हा चरबीचा तुकडा पाण्याच्याही पलीकडे, त्याला खेटून बसला आहे. फॅट सॅटची पल्स त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फॅट सॅट उत्तम लागला तरी कातडीखालची चरबी कोळशासारखी काळी न होता राखाडी का राहते, त्याचं एक कारण हे. एकच शिखर धरणारा डिक्सनही हा तुकडा पाण्याच्या खात्यात टाकतो आणि चरबीचं प्रमाण कमी भरतं. सहा शिखरं एकदम धरली की आकडा सुधारतो, आणि पाण्याची व चरबीची ठेवण आता वेगळी असल्यामुळे अदलाबदलीही कमी होते.

आमच्याकडे फँटम (रुग्णाऐवजी मशीनमध्ये ठेवायचा चाचणीचा नमुना) तपासताना एकदा सगळे आकडे एका बाजूला झुकत होते. पाणी आणि शेंगदाणा तेल यांच्या मिश्रणाच्या नळ्या होत्या. शिखरांच्या जागा शरीराच्या तापमानाच्या लावलेल्या, आणि नळ्या खोलीच्या तापमानावर. पाण्याची वारंवारता दर अंशाला ०.०१ पीपीएमने सरकते, चरबीची सरकत नाही. ३७ आणि २० अंशांमध्ये ०.१७ पीपीएमचा फरक पडला होता. तो घातला आणि आकडे रुळावर आले. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं.

बकुळ:

हे सगळं कुठल्या पुस्तकात एकत्र मिळालं नव्हतं. लोहाचं काय होतं तेही कोणी सांगाल का? यकृतात लोह साठलं की डिक्सन फसतो असं ऐकलंय.

सांजवारा:

फसतो, आणि मजबूत फसतो. १.५ टेस्लावर २.३ मिलिसेकंदांना आउट-फेज, ४.६ला इन-फेज. लोह असेल तर सिग्नल झपाट्याने विरतो, म्हणून नंतर घेतलेली इन-फेज जास्त काळी येते. चरबी असेल तर आउट-फेज काळी. दिशा उलट, त्यामुळे दोन्ही प्रतिमा शेजारी लावल्या की ओळखता येतं. म्हणूनच आउट-फेज आधी घ्यायची. ती नंतर घेतली तर चरबी आणि लोह दोघेही तिलाच काळी करतील आणि काही कळणार नाही. पण एकाच यकृतात दोन्ही असलं तर ते एकमेकांना झाकतात आणि चित्र निरोगी वाटू शकतं. म्हणून टक्केवारी हवी असेल तर दोन इको पुरत नाहीत. सहा इको, त्यातून सिग्नल विरण्याचा वेग वेगळा काढायचा, आणि सहा शिखरांचं मॉडेल. फ्लिप अँगलही (पल्सने प्रोटॉन किती कलवायचे तो कोन) लहान, काही अंशांचा, नाहीतर टी१ लहान असलेल्या चरबीचा आकडा फुगतो. असा काढलेला चरबीच्या टक्केवारीचा आकडा म्हणजे पीडीएफएफ (प्रोटॉन डेन्सिटी फॅट फ्रॅक्शन). यकृतात तो ५ ते ६ टक्क्यांच्या वर गेला की चरबी साठायला लागली असं धरतात. सुईने काढलेला तुकडा यकृताच्या एका कोपऱ्याचं सांगतो, हा नकाशा अख्ख्या यकृताचं, आणि सुई न टोचता. पुन्हापुन्हा तपासायच्या रुग्णासाठी याची किंमत किती आहे हे मी रोज बघतो.

ध्रुवतारा:

आणि जाता जाता: स्वॅप झालेल्या जागी पीडीएफएफचा आकडा १०० मधून वजा होऊन येतो. ८ टक्के चरबीचा स्नायू ९२ दाखवेल. तेव्हा आकडा वाचण्याआधी चित्र बघायचं.

कोजागरीताई, पॅरामीटर मिळाले का?

कोजागरी:

मिळाले. उशीर झाला, कारण दोन्ही स्कॅन ओळीने तपासायचे होते.

पहिल्या स्कॅनमध्ये शिमचा चौकोन (मशीन जेवढ्या भागात क्षेत्र एकसारखं करून घेतं तो) फक्त उजव्या मांडीवर होता. त्याआधीचा रुग्ण एकाच मांडीचा होता, मी तोच प्रोटोकॉल उघडून स्लाइस रुंद केल्या आणि शिमचा चौकोन तसाच राहिला. क्षेत्र उजवीकडे नीट बसलं आणि डावीकडे कोणी बघितलंच नाही. शिवाय पहिल्या वेळी रुग्णाच्या दोन्ही मांड्यांमध्ये फोमची जाड पट्टी होती. दुसऱ्या वेळी मी सिग्नल टिपणारी कॉइल नव्याने बांधताना ती काढली आणि मांड्या एकमेकींना टेकल्या. शिमही दोन्ही मांड्यांवर घेतला होता. 'काहीच बदललं नाही' म्हणाले होते, बदललं होतं सगळंच.

ध्रुवतारा:

मग आता शंकेला जागा नाही. पट्टी काढल्यावर एका मांडीतून दुसरीत जायला वाट झाली आणि शिममुळे पलीकडचा अंदाजही सोपा झाला. फोममधून सिग्नल येत नाही, तेव्हा सॉफ्टवेअरच्या लेखी तो आणि हवा एकच.

गणितवेडा:

एक सांगायचं राहिलं. इन-फेज आणि आउट-फेज या मोजलेल्या प्रतिमा आहेत. पाणी आणि चरबी या त्यांच्यावरून काढलेल्या. स्वॅप होतो तेव्हा मोजलेल्या दोन्ही शाबूत असतात, चूक हिशोबाची असते. म्हणून दर वेळी रुग्णाला परत आत घालायची गरज नाही. कच्चा डेटा मशीनवर असेतोवर हिशोब नव्याने चालवता येतो. अख्खी बाजू उलटलेली असेल तर ती बाजू दुसऱ्या सिरीजमध्ये वाचताही येते.

कोजागरी:

हे आधी माहीत असतं तर त्या रुग्णाला आणखी वीस मिनिटं झोपवलं नसतं. त्यांना एका अंगावर पडून राहणंही जड जात होतं.

आणखी एक सांगते, आणि मुख्य म्हणजे यासाठीच परत लिहायला बसले. तुमचं सगळं वाचून मी दुसरा, 'बरोबर आलेला' स्कॅनही वरपासून खालपर्यंत बघितला, पाणी आणि चरबी शेजारी-शेजारी लावून. सगळ्यांत वरच्या दोन स्लाइसमध्ये, उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा एक डाग आहे. पाण्याच्या प्रतिमेत स्नायूत काळा, चरबीच्या प्रतिमेत पांढरा. नुसतं बघितलं तर स्नायूत चरबी शिरली आहे असंच वाटेल. पण त्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे, आणि त्याला लागून असलेली कातडीखालची चरबीही त्याच रेषेपाशी उलटली आहे, पाण्याच्या प्रतिमेत पांढरी. इन-फेजमध्ये त्या जागी काहीच नाही, स्नायू शेजारच्या स्नायूसारखाच. आउट-फेजमध्येही नाही. आजार असता तर तो मोजलेल्या प्रतिमांत दिसायला हवा होता.

सांजवारा:

अगदी बरोबर पकडलंत. चरबी खरंच शिरलेली असती तर ती स्नायूच्या धाग्यांच्या आणि आवरणांच्या वाटेने गेली असती, आणि कातडीखालच्या चरबीला तिने हातही लावला नसता. एकाच रेषेवर दोन्ही ऊती उलटल्या, म्हणजे स्वॅप. वरच्या टोकाच्या स्लाइस, क्षेत्राची कड, जागाही नेमकी तीच. रिपोर्ट गेला आहे का?

कोजागरी:

नाही, अजून वाचायचा होता. मी दुपारीच वाचणाऱ्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही स्लाइसचे क्रमांक दिले आणि पहिल्या स्कॅनची उजवी बाजू तुलनेला काढून ठेवली. तिथे तो डाग नाही. त्यांनी माझ्यासमोर चारही सिरीज एकत्र उघडल्या.

शिमचा चौकोन दोन्ही मांड्यांवर ठेवलेला प्रोटोकॉल वेगळ्या नावाने जतन केला आहे. फोमची पट्टी आता गुडघ्यांखाली जाते.